वरोऱ्याचा वकील आणि न वाढणारा जंतू

बाबा आमट्यांनी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले, ही गोष्ट विदर्भातल्या मुलांच्या कानावर फार लवकर पडते. कधी शाळेतल्या भाषणात, कधी बाबांच्या आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीच्या सहलीत. सांगणारा ती धाडसाची म्हणून सांगतो आणि ऐकणारा हात जोडतो. हात जोडले की प्रश्न विचारायचे राहून जातात. जंतू टोचले तर रोग झाला कसा नाही? आणि मुळात प्रयोगाला माणूस कशाला हवा होता? उंदीर होते, ससे होते, माकडं होती. हे प्रश्न विचारले की वरोऱ्याच्या या गोष्टीला नॉर्वेपासून परळपर्यंतची एक लांबलचक पार्श्वभूमी आहे असं दिसायला लागतं. मला तर वाटतं की बाबांच्या त्या कृतीचं खरं मोल या पार्श्वभूमीवरच कळतं.

१८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेन गावी गेऱ्हार्ड हॅन्सन या डॉक्टरला कुष्ठरुग्णांच्या गाठींमधल्या पेशींत काडीसारखे जंतू दिसले. रोग आणि जंतू यांची सांगड घालण्याचा तो अगदी सुरुवातीचा काळ. कॉखने क्षयाचा जंतू दाखवला तो त्यानंतर नऊ वर्षांनी. पण क्षयाचा जंतू बशीत वाढला, गिनिपिगला टोचल्यावर त्याला क्षय झाला आणि प्रकरण निकालात निघालं. हॅन्सनचा जंतू काही केल्या वाढेना. बटाट्यावर नाही, रक्तद्रवावर नाही, सशात नाही. जंतू डोळ्यांना दिसतो, पण रोग त्यानेच होतो हे सिद्ध करता येत नाही, अशी कोंडी झाली.

मग राहिला माणूस. हॅन्सनचे सासरे डॅनिएलसन हे त्या काळचे कुष्ठरोगाचे मोठे जाणकार. हा रोग आनुवंशिक आहे असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते सिद्ध करायला त्यांनी स्वतःला अनेकदा रुग्णाच्या गाठीतला द्रव टोचून घेतला. त्यांना काही झालं नाही. जावयाला उलट सिद्ध करायचं होतं. १८७९ मध्ये हॅन्सनने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिला न विचारता दुसऱ्या रुग्णाचा द्रव टोचला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८० मध्ये हॅन्सनची रुग्णालयातली जागा गेली. पुढे हवाई बेटांवर आर्निंग नावाच्या जर्मन डॉक्टरने फाशीची शिक्षा झालेल्या कियानू नावाच्या कैद्याला, शिक्षा कमी करण्याच्या बोलीवर, जंतू टोचले. त्याला काही वर्षांत रोग झाला. आर्निंगला आनंद झाला असेल, पण कियानूच्या नात्यागोत्यात आधीच कुष्ठरुग्ण होते असं नंतर निघालं. म्हणजे पुन्हा पहिले पाढे.

माणसावरच्या या प्रयोगांचा इतिहास असा ओशाळवाणा आहे. कुणी गाफील बाई, कुणी गळ्याभोवती फास असलेला कैदी. स्वतःहून हात पुढे करणारे डॅनिएलसनसारखे थोडे.

आता वरोऱ्याकडे येऊ. मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, शिक्षण वकिलीचं. वरोरा तेव्हा मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यातलं गाव. तिथे ते नगरपालिकेच्या कारभारात होते आणि मैला वाहणाऱ्यांच्या बरोबरीने त्यांनी डोक्यावर पाटी घेतली होती. अशाच काळात पावसात भिजत गटारीकडेला पडलेला, बोटं झडलेला तुळशीराम त्यांना दिसला. त्याला पाहून ते घाबरून घरी पळाले. हे त्यांनी स्वतःच आयुष्यभर सांगितलं. कुणाला न भिणाऱ्या माणसाला स्वतःची ही भीती सोसवेना. ते परत गेले, तुळशीरामाच्या अंगावर आडोसा केला आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली.

या भागात कुष्ठसेवेची वाट अगदीच नवी नव्हती. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला वसाहत सुरू केली होती. सेवाग्रामला परचुरे शास्त्र्यांच्या जखमा गांधीजी स्वतः धूत होते. बाबा दिवाणांकडे शिकले, वरोऱ्याच्या दवाखान्यात राबले. पण जखमा धुऊन भीती जात नाही. ती जायला रोग समजावा लागतो. म्हणून १९४९ साली हा वकील कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकायला गेला.

तिथे त्यांनी काय पाहिलं असेल ते सांगता येतं, कारण कुष्ठरोगाची मुख्य तपासणी पुढे कित्येक दशकं तीच राहिली. रुग्णाची कानाची पाळी चिमटीत घट्ट दाबायची, रक्त हटून ती पांढरी पडेपर्यंत. मग ब्लेडने बारीकशी चीर द्यायची आणि पातं आडवं फिरवून आतला रस खरवडायचा. रक्त येता कामा नये. तो रस काचपट्टीवर पसरायचा, ज्योतीवर शेकायचा, लाल रंग ओतून तापवायचा, आम्लाने धुवायचा, वर निळा रंग द्यायचा. बाकी सगळं निळं होतं. कुष्ठजंतूचं कवच मेणचट, त्यात शिरलेला लाल रंग आम्लालाही निघत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात, काही सुट्या, काही विड्यांच्या जुडग्यासारख्या एकत्र बांधलेल्या. कानाचीच पाळी का, याचंही कारण आहे. या जंतूला थंडावा लागतो. नाक, कान, कोपर, गुडघा अशा शरीराच्या गार जागा आणि कातडीजवळचे मज्जातंतू ही त्याची आवडती ठिकाणं.

ज्या संस्थेत बाबा शिकत होते तिथेच चाळीसच्या दशकात डॉ. धर्मेंद्र यांनी लेप्रोमिन नावाच्या चाचणीचं शुद्ध केलेलं द्रव्य तयार केलं होतं. ही चाचणी मूळची मित्सुदा या जपानी डॉक्टरची, १९१९ची. रुग्णाच्या गाठी वाटून, उकळून, मेलेले जंतू कातडीत टोचायचे आणि तीन-चार आठवडे थांबायचं. गंमत अशी की ज्यांच्या अंगात जंतूंची खाण होती, चेहरा गाठींनी भरला होता, त्यांना टोचलेल्या जागी काहीच उठायचं नाही. ज्यांना एखाददुसरा बधिर चट्टा होता, त्यांना तिथे टणक गाठ यायची. आणि निरोगी माणसांपैकीही अनेकांना यायची. म्हणजे गाठ येणं ही चांगली खूण, शरीर जंतूला ओळखतं आणि अडवतं याची. हे सगळं ठाऊक होतं, पण का होतं ते ठाऊक नव्हतं. संशोधन अडलं होतं ते पुन्हा जुन्याच जागी: जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हता आणि कुठल्या प्राण्यात रुजत नव्हता.

तेव्हा बाबांनी स्वतःचं शरीर देऊ केलं. जंतू टोचले गेले. रोग झाला नाही.

प्रयोग म्हणून पाहिलं तर हा कच्चा प्रयोग. एकच माणूस, तुलनेला दुसरा कोणी नाही, आणि ज्या रोगाला उगवायला तीन-पाच वर्षं, कधी वीस वर्षंही लागतात त्याचा निकाल लगेच कसा लावणार? पण हॅन्सनची बाई आणि आर्निंगचा कैदी यांच्या शेजारी हा वकील उभा करून पाहा. वयाने पस्तिशीतला, बायको आणि दोन लहान मुलं असलेला, जोखीम पूर्ण समजलेला, कुणीही जबरदस्ती न केलेला. वैद्यकाच्या नीतिशास्त्रात आज ज्याला समजून-उमजून दिलेली संमती म्हणतात, ती याहून स्पष्ट काय असते? माझ्या मते या गोष्टीतला मोठेपणा धाडसापेक्षा इथे आहे. आणि प्रयोग फसला म्हणजे फुकट गेला असंही नाही. रोग न होणं हेच उत्तर होतं. फक्त ते वाचता येईल एवढं शास्त्र १९४९ साली जगात कुठेच नव्हतं.

ते वाचता यायला आणखी पंधरा-वीस वर्षं लागली. १९६० मध्ये अमेरिकेत शेपर्डने उंदराच्या पायाच्या तळव्यात हा जंतू थोडाफार वाढवून दाखवला. तळवा निवडला कारण तो गार. वाढ किती संथ? आतड्यातला साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाचा वीसेक तासांत, आणि हा जवळजवळ दोन आठवड्यांत. तरी उंदराला रोग व्हायचा नाही, वाढ तळव्यापुरतीच थांबायची. पुढच्याच वर्षी जॅक्स मिलरने छातीतल्या थायमस ग्रंथीचं काम उलगडलं: लढाऊ पांढऱ्या पेशी, ज्यांना आपण टी पेशी म्हणतो, त्या तिथे तयार होतात. मग १९६६ मध्ये लंडनच्या रीसने उंदरांची थायमस काढली, वर किरणोत्सर्ग दिला आणि मग जंतू टोचले. या उंदरांच्या अंगभर कुष्ठरोग पसरला. कोडं सुटलं ते असं. जंतू तोच, उंदीर तोच. टी पेशी होत्या तेव्हा रोग अडला, काढल्या तेव्हा पसरला.

त्याच वर्षी रिडली आणि जॉपलिंग यांनी कुष्ठरोगाचे सगळे प्रकार एका पट्ट्यावर मांडले. एका टोकाला प्रतिकार भरपूर, जंतू जवळपास शून्य, एखादा चट्टा. दुसऱ्या टोकाला प्रतिकार शून्य आणि जंतू अब्जावधी. आणि पट्ट्याच्या बाहेर उरलेली बहुसंख्य माणसं, शंभरातली पंच्याण्णवच्या वर, ज्यांना हा रोग होतच नाही. गाठींनी भरलेल्या रुग्णांच्या रक्तात प्रतिद्रव्यं खूप असतात, पण हा जंतू पेशीच्या आत घर करून राहतो, तिथे प्रतिद्रव्यांचा उपयोग नाही. तिथे टी पेशीच लागतात. बाबा त्या पंच्याण्णवांतले होते. वरोऱ्याच्या बाजारात कुष्ठरुग्णाला पाहून तोंड फिरवणारे बहुतेक सगळेही त्यातलेच होते.

याच काळात मुंबईतही काम चाललं होतं, आणि ते मराठी वाचकांना फार कमी माहीत आहे. परळला १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं. खानोलकर पॅथॉलॉजीतले दादा. कर्करोगाइतकाच कुष्ठरोगाचाही त्यांचा अभ्यास. अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांमध्ये जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात यावरचं त्यांचं काम १९५१ सालचं. परळपासून जवळच, माटुंगा-वडाळ्याला, ॲक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९० पासून होतं. ते स्थापणारे ॲक्वर्थसाहेब मुंबईचे पालिका आयुक्त. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲक्वर्थ ते हेच. एका हाताने पोवाडे आणि दुसऱ्या हाताने कुष्ठरुग्णालय असा आयुक्त मुंबईला पुन्हा मिळाला नसावा.

खानोलकरांच्या हाताखाली पुण्याच्या समर्थांची मुलगी, कमल रणदिवे, काम करत होत्या. त्यांची पीएच. डी. १९४९ची, म्हणजे बाबा कलकत्त्याला गेले त्याच वर्षीची. नंतर त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. गाय म्हणजे हीला नावाच्या माणसाच्या पेशी बाटलीत जिवंत ठेवून दाखवणारे. शरीराबाहेर पेशी पोसायची ती विद्या रणदिवे घेऊन आल्या आणि परळला पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी राहिली. कुष्ठजंतू बशीत वाढत नाही ना, मग त्याला त्याच्या आवडीच्या घरात, मज्जातंतूच्या पेशींत, ठेवून पाहू, असा हा विचार. मानवी गर्भाच्या कण्यालगतच्या मज्जागाठींतल्या पेशी बाटलीत वाढवल्या आणि त्यांत रुग्णाच्या गाठींतले जंतू सोडले. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी जाहीर केलं की त्यातून एक जंतू वेगळा काढून वाढवता आला आहे. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणू लागले.

हाच कुष्ठरोगाचा जंतू का? जगाला पटलं नाही, आणि जगाचं बरोबर होतं. तो क्षय-कुष्ठाच्या गोतावळ्यातलाच, पण वेगळ्या फांदीवरचा निघाला. खरा कुष्ठजंतू आजतागायत कुणालाही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्यात तो भरपूर वाढतो असं कळलं, कारण त्याचं शरीरच आपल्यापेक्षा थंड. आणि २००१ साली तमिळनाडूतल्या एका रुग्णाकडून आलेल्या जंतूची जनुकं पूर्ण वाचली तेव्हा मेख कळली. त्याची सोळाशेच्या आसपास जनुकं चालू आहेत आणि अकराशेवर मोडकी, निकामी. स्वतःचं अन्न स्वतः करण्याची बरीच यंत्रणा हा जंतू गमावून बसला आहे. माणसाच्या पेशीच्या जिवावर जगायची सवय लागलेला हा ऐतखाऊ बशीत कसा जगणार?

तरी परळची मेहनत पाण्यात गेली नाही. हा चुलतभाऊ कुष्ठजंतूसारखा दिसतो, शरीराच्या टी पेशींना तो तसाच भासतो, आणि मुख्य म्हणजे तो वाढवता येतो. मग लस याचीच का करू नये? डॉ. एम. जी. देव यांनी १९७९ मध्ये गॅमा किरणांनी मारलेल्या आयसीआरसी जंतूंची लस तयार केली. ज्यांची लेप्रोमिन चाचणी कोरी यायची अशा बऱ्याच रुग्णांत ती लस दिल्यावर गाठ उठू लागली. म्हणजे झोपलेल्या टी पेशी जाग्या झाल्या. पुढे तमिळनाडूत चेंगलपट्टूला डॉ. एम. डी. गुप्ते यांच्या देखरेखीखाली मोठी चाचणी झाली. पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांनी त्यात भाग घेतला आणि बीसीजी, बीसीजी अधिक मृत कुष्ठजंतू, दिल्लीच्या तलवारांची एमडब्ल्यू आणि परळची आयसीआरसी अशा चार लसी ताडून पाहिल्या. १९९८ मध्ये निकाल आला: आयसीआरसीचं संरक्षण ६५.५ टक्के, मिश्र लसीचं ६४, बीसीजीचं ३४.१, एमडब्ल्यूचं २५.७. मुंबईची लस सगळ्यांत वर होती. तरीही राष्ट्रीय कार्यक्रमात ती आली नाही.

कारण तोपर्यंत बाजी गोळ्यांनी मारली होती. कुष्ठरोगावर शतकानुशतकं कडू कवठाच्या बियांचं तेल होतं, तेही नंतर सुईने दिलं जायचं आणि जागा सुजायची. चाळीसच्या दशकात डॅप्सोन आलं आणि बाबांच्या आनंदवनाला खरं औषध मिळालं. पण एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन अशा एकत्रित उपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिनच्या पहिल्या डोसनंतर काही दिवसांतच रुग्णाकडून संसर्ग होणं थांबतं. वर्धा हा देशात हा एकत्रित उपचार पहिल्यांदा मिळालेल्या जिल्ह्यांपैकी एक.

इकडे आनंदवनात भीतीचा प्रयोग वेगळ्या तऱ्हेने चालू होता. १९५१च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते सुरुवात झाली ती सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपयांवर. विहिरी खणल्या, भाजी पिकली, पण वरोऱ्यात ती कुणी घेईना. १९५४ च्या सुमारास परदेशी स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रुग्णांनी पिकवलेलं जेवले, इमारती बांधल्या. गाव बघत होतं. त्यानंतर भाजी विकली जाऊ लागली. साठच्या दशकात बाबांनी त्याच आवारात महाविद्यालय काढलं आणि गावची धडधाकट मुलं रोज रुग्णवस्तीतून वर्गात जाऊ लागली. शास्त्रज्ञांना जे टी पेशींतून सिद्ध करावं लागलं ते इथे रोजच्या वावरातून दिसत होतं: इतकी माणसं इतकी वर्षं जवळ राहिली, तरी रोग त्यांना धरत नाही. १९७३च्या २३ डिसेंबरला भामरागडच्या रानात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि बाबांचा मुलगा डॉ. प्रकाश व सून डॉ. मंदाकिनी आमटे माडिया आदिवासींमध्ये राहायला गेले. तिथे कुष्ठरोग हा मलेरिया, भाजणं, अस्वलाचा हल्ला, अडलेलं बाळंतपण यांच्यातला एक होता.

कायदा मात्र शास्त्राच्या फार मागून आला. रुग्णाला पकडून डांबायची मुभा देणारा १८९८चा कायदा संसदेने रद्द केला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलं नाही ते २०१९ मध्ये. रीसच्या उंदरांना तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं.

२००५च्या डिसेंबरमध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण असल्याचं जाहीर झालं. ही देशाची सरासरी. सरासरीला वैनगंगेपलीकडचं जंगल दिसत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे आजही राज्यातल्या जास्त रुग्णांच्या जिल्ह्यांत मोडतात. त्या घोषणेनंतर वेगळी कुष्ठयंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळली, दारोदार चट्टा शोधणारी तरबेज माणसं निवृत्त झाली, आणि रोग लपून राहायला जागा मिळाली. हा निर्णय घाईचा होता असं मला वाटतं. लस कपाटात ठेवण्याचा निर्णयही. गोळ्या रुग्ण बरा करतात, पण रुग्णाच्या घरातल्या ज्या एखाद्या मुलाच्या टी पेशी या जंतूला ओळखत नाहीत, त्याच्यासाठी काय? आता रुग्णाच्या सहवासातल्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात. तो उपयोगी आहे, पण अर्धाच रस्ता आहे.

तेव्हा या भागातल्या वाचकांना एकच सांगणं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे खाज नसेल, घाम येत नसेल आणि पिसाने किंवा पेनच्या टोकाने स्पर्श केलेला कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आशाताईला सांगा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं. वेळेत घेतलं तर बोटं शाबूत राहतात. घर सोडायचं नसतं, काम सोडायचं नसतं आणि ताट वेगळं करायचं नसतं.